जामीन राहिलेला मासा

काशीच्या गादीवर कुणी एक राजा बसला होता, त्या काळी हिमालयाच्या पायथ्याशी वाहणाऱ्या एका नदीत बोधिसत्त्व महाशीर मासा होऊन जन्मला. अंगाने थोराड, खवले तांब्याच्या वर्णाचे. लहान मासे, खेकडे, गोगलगाई, सापडेल ते तो खाई. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, मासा तो मासाच! आणि पाणमांजर दिसले की तोही जीव मुठीत धरून पळे. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात म्हणतात, पण नदीत एकच प्राणी सकाळी सुपात असतो आणि दुपारी जात्यात.

दर वर्षी पाणी चढले की महाशीरांचा थवा अंडी घालायला उगमाकडे निघे. बोधिसत्त्व पुढे, बाकीचे मागे. वाटेत दोन कातळांमध्ये एक चिंचोळी खिंड होती आणि तिच्या काठी धीवरांचा पाडा होता. त्यांची एक जुनी रीत होती. थव्याच्या म्होरक्याला धरायचे नाही. तो पार झाला की त्याला हात जोडायचे, आणि मगच जाळे सोडायचे.

खिंड ओलांडून बोधिसत्त्व मागे वळून पाही, तो मागे कोणी नसे. चुकूनमाकून एखाददुसरा निसटलेला. वरच्या नितळ पाण्यात तो एकटाच फिरे. एका वर्षी त्याच्या मनात लख्ख उजाडले, 'हे मला हात जोडतात खरे, पण बाकीचे माझ्या भरवशावर इथे येतात. मीच यांचे आमिष झालो आहे!' त्याला स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली.

पुढल्या वर्षी खिंडीच्या अलीकडे तो थांबला.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी मागून येतो."

"म्होरक्या असून मागे?" एक म्हातारी मासोळी फणकारली. "भ्यालास की काय?"

"भ्यालो असे समजा. पण थांबू नका."

मासे त्याच्याकडे न बघता पुढे गेले.

काठावर धीवरांचा मुखिया रोहक जाळे धरून उभा होता. मासे जात होते, पण म्होरक्या काही दिसेना.

"अहो, सोडा की जाळं!" त्याची बायको सामा ओरडली. "रीत घाला चुलीत! पोरं काय दगड खातील?"

"म्होरक्या जाऊ दे," रोहक म्हणाला. बघता बघता सगळा थवा पार झाला, आणि शेवटी बोधिसत्त्व आला.

रोहकाने भाला उचलला. "फसवलंस आम्हाला!"

"फसवले," बोधिसत्त्व म्हणाला. "पण तुझ्या भुकेशी माझे वैर नाही. लहानांना खाऊनच मी एवढा झालो. मात्र पोटात अंडी असलेली मासोळी धरलीस, तर तुझ्याच नातवंडांच्या तोंडचा घास जातो. अंडी घालून ते परत येतील, तेव्हा जाळे लाव. लागेल तेवढे घे."

"आणि नाही आले तर?" सामाने विचारले.

"तर मला कापा. तोवर मी जामीन राहतो."

धीवरांनी काठालगत बांबूच्या कामट्यांचा कोंडवाडा केला आणि त्याला आत ठेवले. पाड्याने कंद उकडून दिवस काढले. कामट्यांतून येईल तेवढे शेवाळ बोधिसत्त्वाने खाल्ले. ज्यांच्यासाठी राहिलो त्यांच्या लेखी आपण भित्रे ठरलो, हे त्याच्या मनाला लागून राहिले. बोलायला कुणी नव्हते. सामा पाण्याला येई. आधी तो पळाला तर नाही ना, हे बघायला. पुढे पुढे नुसतीच टेकायला.

"आले का रे तुझे?" ती विचारी.

"नाही आले."

"येतील हो," ती म्हणे, आणि घागर उचलून जाई.

शरदात पाणी निवळले आणि मासे खाली उतरले. रोहकाने चुलीपुरते धरले, बाकीचे जाऊ दिले. त्यांच्यामागून पिल्ले आली, इतकी की तळ दिसेना. असे त्या पाड्यात कुणी पाहिले नव्हते. रोहकाने स्वतः पाण्यात उतरून कामट्या उपसल्या.

"जा बाबा," सामा डोळे पुसत म्हणाली. "भेट आता तुझ्या गोतावळ्याला."

बोधिसत्त्व हरखून पिल्लांकडे झेपावला. पिल्लांना दिसला तो एक भुकेला जबडा. क्षणात ती दाही दिशांना पळाली. त्याच्याभोवती सगळे पाणी रिकामे झाले.

पोटात आग पडली होती. एक पिल्लू समोरच्याच दगडाच्या फटीत थरथरत होते; तोंड उघडले असते तर मिळाले असते. बोधिसत्त्वाला रडू यायचेच काय ते बाकी राहिले. मग तो स्वतःशी म्हणाला, "शहाणी आहेत. पळायला शिकली, म्हणजे जगतील." त्या दिवशी तो उपाशीच खोल पाण्याकडे वळला.

ही कथा भिक्खूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा रोहक म्हणजे आज आपल्या विहाराचा पाणवठा राखणारा वृद्ध उपासक, आणि सामा त्याची पत्नी. तो थवा म्हणजे तुम्ही. तो महाशीर मीच होतो. ज्याचे भले केले त्याने आपल्याला बघून पळ काढावा, आणि तरी आपले मन कडू होऊ नये, याचेच नाव मैत्री."