रवळू गुरवाचं इरलं

आडोळीच्या खाडीवर पूल नव्हता, आणि कधी होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पलीकडे जायचं तर होडी हाच एक रस्ता. वैद्य पलीकडे, बाजार पलीकडे, कचेरी पलीकडे. अलीकडे फक्त आडोळी गाव, माडांची रांग आणि टेकडीवर आडोळकरीण आईचं देऊळ.

त्या देवळात रवळू गुरव पूजा करायचा. असं म्हणतात, की त्याच्यासारखं गाऱ्हाणं घालणारा आधी कोणी झाला नाही आणि नंतरही नाही. तो "बा देवा म्हाराजा" म्हणून आवाज चढवायचा, गाव एका तोंडानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशी माना वर करून बघायच्या.

गावाचं प्रत्येक काम आईला विचारून व्हायचं. विचारायची रीत अशी. रवळू फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून आईच्या काळ्या पाषाणावर चिकटवायचा, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग सगळे श्वास रोखून बघत बसायचे. उजवी आधी पडली तर आईचं हो. डावी पडली तर नको. याला म्हणायचे कौल. मुलीचं लग्न ठरवायचं तर कौल, विहीर खणायची तर कौल, होडी पाण्यात लोटायची तर कौल.

रवळूचा कौलावर विश्वास होता. नुसता विश्वास नव्हे, त्याचं आईवर प्रेम होतं. घरात त्याचं कोणी उरलं नव्हतं, पण देवळात आई होती. तो तिला आंघोळ घालताना पाणी कोमट करायचा. एकदा त्याच्या मनात आलं, बिचारी वर्षानुवर्षं अंधारात बसलीय, तिची लेकरं होडीतून जातात-येतात ती तिला कधी दिसत नाहीत. म्हणून त्यानं गाभाऱ्याच्या पश्चिमेच्या भिंतीतले दोन चिरे स्वतःच्या हातानं काढले आणि आईच्या डाव्या अंगाला एक झरोका केला. त्यातून खाडी दिसायची. गाव खूश झालं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं म्हणतात.

बारा वर्षं गेली.

एका फाल्गुनात शेवंता नावाची बाई दुपारची देवळात आली. नवरा गलबतावर गेलेला. खांद्यावर चार वर्षांची आवडी, तापानं लाल झालेली.

"रवळूदादा, चेडवाचो ताप उतरणा नाय," ती म्हणाली. "पलीकडे वैद्याकडे न्हेव काय? आयेक विचार."

रवळूनं पाकळ्या लावल्या. डावी पडली.

"आये नको म्हणता," रवळू म्हणाला. "थांब, बाय. अंगारो लाव. बरा वाटात."

शेवंता थांबली. तिसऱ्या दिवशी आवडी गेली.

गावानं म्हटलं, आईची इच्छा. रवळूनंही तेच म्हटलं. पण त्या दिवसापासून शेवंता देवळावरून जाताना तोंड फिरवून थुंकायची, आणि ते रवळू रोज बघायचा. वर्षभर त्यानं ते बघितलं. मग पुढच्या फाल्गुनात, भर दुपारी, देवळात कोणी नसताना, त्यानं स्वतःसाठी कौल लावला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं विचारलं, आई, माझं काही चुकलं नाही ना?

डावी पडली.

त्यानं पुन्हा लावला. डावी. पुन्हा, पुन्हा, पाच वेळा डावीच. सहाव्यांदा पाकळी चिकटवताना त्याच्या ओल्या बोटांना गार वाटलं. त्यानं समईकडे बघितलं. ज्योत वाकली होती. खाडीवरचा वारा दुपारी सुटतो हे आडोळीतलं शेंबडं पोरही सांगेल. तो वारा झरोक्यातून आत येत होता आणि आईच्या डाव्या खांद्याला लागत होता. डावी पाकळी आधी सुकत होती आणि आधी पडत होती.

रवळूनं झरोक्यावर आपला पंजा ठेवला. पाकळ्या बराच वेळ टिकल्या, मग उजवी पडली. पंजा काढला. डावी. पंजा ठेवला की आई हो म्हणायची, काढला की नको म्हणायची.

पंजा तसाच ठेवून तो आठवू लागला. सकाळी वारा पडलेला असतो. लग्नं, विहिरी, होड्या, हे सगळं लोक सकाळी विचारायला येत. पण आजारी माणसाचं तसं नसतं. घरातले सकाळी म्हणतात, बघू, दुपारपर्यंत उतार पडेल. उतार पडत नाही, आणि दुपारी ते देवळाची पायरी चढतात. बारा वर्षं आजारी माणसाच्या घरचे दुपारीच आले होते. त्याला चेहरे आठवू लागले. आवडी शेवटची होती, पहिली नव्हती.

हे झरोक्याचं झालं. पण रवळू सरळ माणूस होता, अर्ध्यावर थांबणारा नव्हता. त्यानं झरोका कांबळ्यानं बुजवला आणि महिनाभर एकेक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. आई कधी हो म्हणाली, कधी नको म्हणाली. एका प्रश्नाला चार वेळा हो आणि तीन वेळा नको. महिना संपला त्या सकाळी तो गाभाऱ्यात उभा राहिला आणि त्याला कळलं, की इथं आपण एकटेच आहोत. पहिल्यापासून एकटेच होतो. तो रागावला नाही. कोणावर रागावणार? त्यानं पाषाण पुसला, कोमट पाण्यानंच, आणि किल्ली घेऊन बाहेर आला. असं म्हणतात, की त्या दिवशी देवळाची घंटा आपोआप वाजली. रवळू आज असता तर म्हणाला असता, वारा होता.

आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. झरोका गुपचूप बुजवायचा आणि गप्प राहायचं. गुरवकी राहिली असती, जमीन राहिली असती, मान राहिला असता. किंवा सांगायचं. आणि सांगायचं तर सगळ्यांत आधी एकाच माणसाला सांगायला हवं होतं.

शेवंता खाडीच्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, निवडत बसली होती. रवळू तिच्यासमोर उकिडवा बसला.

"शेवंता, त्या दिवशी आये नको म्हणाक नाय. वाऱ्यान पाकळी पडली."

त्यानं सगळं सांगितलं. झरोका, वारा, पंजा, महिना. ती तिसऱ्या निवडतच राहिली.

"मगे नको म्हणालो कोण?"

"मी."

"म्हणजे आयेक माजी आवडी नको झालेली, असा नाय?"

"नाय गो, बाय. तसा काय्येक नाय."

तेव्हा ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, गुडघ्यांत तोंड खुपसून. मग डोळे पुसून म्हणाली, "वरीसभर मी आयेवांगडा भांडलंय. आता कोणावांगडा भांडू?"

"माज्यावांगडा भांड."

आणि ती भांडली. हातातल्या तिसऱ्या तिनं त्याच्या अंगावर फेकल्या. बापाचा, आजाचा उद्धार केला. रवळू बसून राहिला. शेवटी तिचा आवाज बसला, आणि बसलेल्या आवाजात ती जे बोलली ते आडोळीत आजही सगळ्यांना पाठ आहे.

"माका कौल नको होतो, रवळूदादा. होडयेत एकट्यान बसाक भय वाटा होता. कोण वांगडा इला असता, तर मी गेलंय असतंय."

वांगडा म्हणजे बरोबर, सोबत. रवळू उठला आणि सरळ गावकराच्या अंगणात गेला.

गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी, धोंडू त्याचं नाव. त्यानं गाव जमवलं. रवळूनं सगळ्यांसमोर किल्ली ठेवली आणि सांगितलं.

"दोन चिऱ्यांची तर गोष्ट," धोंडू गावकर म्हणाला. "बुजव नि गप कौल लाव. चूक वाऱ्याची, आयेची नाय."

"बुजवून बघितलंय, गावकरानू. एकच गोष्ट सात येळा विचारलंय. चार येळा हो, तीन येळा नको. आयेन खरा कधी सांगल्यान?"

मागून कोणीतरी गाऱ्हाण्याच्या सुरात "व्हय म्हाराजा" केलं आणि लोक हसले. धोंडू गावकर हसला नाही.

"मगे आमी कोणाक विचारूचा?"

"एकामेकांक," रवळू म्हणाला.

त्याची गुरवकी गेली. किल्ली चुलतभावाकडे गेली, जमीन गेली, घरही गेलं. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. बरोबर एक इरलं घेऊन तो बाहेर पडला. बांबूच्या कामट्यांत पानं विणलेलं, पावसात डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं. होड्या लागतात त्या धक्क्याशी त्यानं माडाच्या झावळ्यांचे झाप लावून खोपी बांधली आणि तिथं राहू लागला. गावाला वाटलं, देव सोडलेला माणूस किती दिवस टिकणार? पाऊस लागला की संपेल.

पाऊस लागला. आषाढात धोंडू गावकराची सून अडली. सुईणीनं हात टेकले. दुपारची वेळ, खाडी खवळलेली, होडीवाला म्हणाला मी नाही घालणार. गावकर देवळाकडे धावला. अर्ध्या वाटेवर त्याचे पाय थांबले, असं म्हणतात. दुपार आहे हे त्याच्या लक्षात आलं. तो वळला आणि धक्क्यावर आला.

"रवळू," तो म्हणाला, "न्हेव काय?"

रवळूनं खोपीच्या खुंटीवरचं इरलं काढलं. "माका ठावूक नाय, गावकरानू. कौल माज्याकडे नाय. पण तुमी न्हेतास तर मी वांगडा येतंय."

घराच्या दाराची फळी काढली, तिच्यावर सुनेला निजवलं, वर रवळूचं इरलं घातलं, आणि दोघांनी खाडीत पाय घातला. त्यांना बघून आणखी सहा जण उतरले. असं म्हणतात, की खाडी मधोमध दुभंगली आणि गुडघाभर पाण्यातून वाट मिळाली. म्हातारेकोतारे शपथेवर सांगायचे. रवळूला विचारलं तर तो म्हणायचा, ओहोटी होती. धक्क्यावर राहून त्याला भरती-ओहोटीची वेळ बोटांवर पाठ झाली होती, आणि वाळूचा दांडा कुठून कुठे सरकतो तेही.

सून वाचली. मूलही वाचलं.

मग लोक येऊ लागले. आधी चोरून, मग उघड. कोणाला वैद्याकडे जायचं असे, कोणाला कचेरीत, कोणाला सासरी छळ होणाऱ्या लेकीला परत आणायला. प्रत्येकजण विचारायचा, जाऊ का? आणि रवळू प्रत्येकाला तेच सांगायचा. "माका ठावूक नाय. तू ठरव. मी वांगडा येतंय." असं म्हणतात, की तो ज्याच्याबरोबर गेला तो कधी रिकाम्या हातानं परतला नाही. हे मात्र खोटं आहे. पुष्कळजण परतले. कित्येकदा वैद्यानं मान हलवली, आणि रवळू त्या घरच्यांबरोबर तसाच परत आला, मेलेलं माणूस उचलून. त्या वाटेवर तो कधी म्हणाला नाही, की देवाची इच्छा. खांदा बदलायचा तेवढा.

आणि असं म्हणतात, की तो एकाच वेळी दोन ठिकाणी असायचा. पटकीची साथ आली त्या श्रावणात लोकांनी त्याला एकाच दुपारी वरच्या वाडीत बघितलं आणि धक्क्यावरही बघितलं. तेच इरलं, तीच चाल. गावात बोलबाला झाला. इतके दिवस देव नाही म्हणणारा आता स्वतःच देव होऊ लागला होता. मग एका घरात इरलं खाली उतरलं आणि आतून शेवंता निघाली. तिनं तसंच दुसरं इरलं विणून घेतलं होतं.

"काय बघतास?" ती म्हणाली. "तो एकटो खंय खंय पुरतलो?"

श्रावण संपायच्या आत आडोळीत सात इरली झाली. त्यातलं एक धोंडू गावकराचं होतं.

रवळू म्हातारा झाला आणि एका सकाळी उठेनासा झाला. गाव खोपीभोवती जमलं. धोंडू गावकर, आता काठी टेकत चालणारा, त्याच्या कानाशी वाकला.

"आता तरी आयेचा नाव घे रे, रवळू."

रवळूनं डोळे उघडले. "समई लावत जावा," तो म्हणाला. "गाभाऱ्यात काळोख आसा. कोणतरी पडात."

एवढंच. मग शेवंता आत आली आणि त्याचा हात हातात घेऊन बसली. ती दोघं जे बोलली ते दाराशी उभ्या असलेल्यांनी ऐकलं.

"खंय चललंस, ठावूक आसा?"

"नाय."

"भय वाटता?"

"वायच."

"मी वांगडा येतंय," शेवंता म्हणाली.

"खंयसर?"

"येवक मिळात थंयसर."

जिथपर्यंत येता येईल तिथपर्यंत. ती दुपारभर बसून राहिली. खाडीवरचा वारा सुटला, झापांतून आत आला, आणि वारा पडल्यावर तिनं त्याचा हात खाली ठेवला.

गावाला वाटलं, धक्क्यावर त्याच्या नावानं एक पाषाण बसवावा, शेंदूर लावावा. चिरा घडवूनही आणला होता. शेवंता त्या चिऱ्यावर जाऊन बसली आणि उठेना. "तेका दगड करू नकात," ती म्हणाली. "दगड कोणाच्या वांगडा जाणा नाय."

म्हणून आडोळीत रवळूची घुमटी नाही, जत्रा नाही. तो चिरा धक्क्यावर आहे, लोक त्यावर बसून होडीची वाट बघायचे, आता एसटीची बघतात. देवळात कौल अजून लागतो, लग्नाचा, विहिरीचा. पण आजारी माणसाचा कौल आडोळीत लावत नाहीत. त्यासाठी कोणी आलं, तर नवा गुरव पाकळ्या बाजूला ठेवतो आणि पायात चपला घालतो. पश्चिमेचा झरोका तसाच उघडा आहे. दुपारी त्यातून वारा येतो आणि खाडी दिसते.

दर ज्येष्ठात गाव एक नवं इरलं विणतं. आता इरलं कोणी वापरत नाही, विणणारेही दोनच उरलेत, तरी विणतं. ते पुलाच्या तोंडाशी, थांब्याच्या खुंटीवर अडकवतात. ज्याला अवघड ठिकाणी जायचंय, इस्पितळात, कोर्टात, पहिल्यांदा दूरगावी शिकायला, तो तिथं येऊन उभा राहतो. त्याला पहिला बघणारा माणूस, ओळखीचा असो वा नसो, हातातलं काम टाकतो आणि खुंटीवरचं इरलं काढतो. जाऊ का असं तिथं कोणी विचारत नाही, आणि जा असं कोणी सांगतही नाही.

कधी आडोळीला आलात आणि खुंटी रिकामी दिसली, तर इरलं चोरीला गेलं असं समजू नका. कोणीतरी कोणाच्या तरी वांगडा गेलंय.