देवी नाही, मी आहे

एका गावात एक सून होती आणि गावाला तिचं भारी कौतुक होतं. कौतुक करायला काय जातंय! सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, नवरा ऊसतोडीला परमुलखात, पदरात पाच वर्षांची चिमी. म्हातारीचं हगणं-मुतणं काढायचं, भरवायचं, वर रानातलंही बघायचं. गाव पारावर बसून म्हणायचं, "सून असावी तर अशी."

सून एकदा शेजारच्या काकूंना म्हणाली, "काकू, झोप लागत नाही. जीव नकोसा होतो. दुपारी घटकाभर म्हातारीपाशी बसाल का?"

"अगं, सेवेचं पुण्य लागतं," काकू म्हणाल्या, आणि सगळं पुण्य तिच्यासाठीच ठेवून घरी गेल्या.

त्याच दिवशी चिमीच्या हातून दूध सांडलं. सुनेनं तिला मारलं, आणि हात थांबेचना. त्यानंतर आई जवळ आली की पोर दोन्ही हातांनी डोकं झाकायची. ते बघून सून हादरली. एक दिवस आपल्याच हातून लेकरू जाईल, या भीतीनं तिचं काळीज फाटायचं.

पुनवेला देवीच्या आरतीत तिचा बांध फुटला. केस सुटले, अंग थरथरायला लागलं, किंकाळी निघाली. झालं, सगळं गाव हात जोडून उभं! त्या गावात बाईचं ऐकून घ्यायची एकच रीत होती, तिच्या अंगात देवी यावी लागे. काकू मळवट भरायला धावल्या. पाटील म्हणाले, "आई, काय चुकलं? मागशील ते देऊ."

नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मिळालं असतं ते देवीला. सून उद्या पुन्हा एकटीच. तिनं काकूंचा हात झिडकारला.

"देवी नाही, मी आहे. मी माझ्या पोरीला मारते आणि मला थांबता येत नाही. मला हात जोडू नका, माझ्या घरी या."

पाटलांनी जोडलेले हात सोडले. "देवी नाही? मग तमाशा कशाला करतेस?"

"देवीची तेवढी विचारपूस, आणि बाईचा तमाशा? आग लागो तुमच्या भक्तीला."

काकूंनी मळवटाचं ताट खाली ठेवलं, बाजूला उभ्या चिमीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "चल. म्हातारीपाशी आज मी बसते. उद्या आरोग्य केंद्राच्या आशाताईला घेऊन दवाखान्यात जाऊ, तुला दाखवायला."

मग बायकांनी दुपारच्या पाळ्या लावल्या. सून झोपायला लागली. चिमीनं डोकं झाकणं सोडलं, पण त्याला फार दिवस लागले. लेकराचं मन म्हणजे पाटी नव्हे, पुसली की कोरी.

पाटील मात्र अजून सांगतात, त्या दिवशी देवीच बोलली. बाई बोलली, हे त्यांना पचत नाही.

तात्पर्य काय, तर राबणाऱ्या बाईला देवी म्हणून हात जोडू नका. त्याच हातांनी तिचं एक काम उचला.