पुतळाजीचा कान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी एक आकडा सांगेन आणि माझी बहीण दुसरा. आडखोल नावाच्या बंदरावर तेव्हा एक ठासणीची बंदूक होती, माणसाच्या उंचीची. माघात समुद्रावर धुकं उतरलं की गाबीत मच्छीमारांच्या वाड्यातली आवडाई टेकडीवरून तिचा बार काढायची, आणि धुक्यातल्या होड्या तो आवाज उजव्या हाताला ठेवून घरी यायच्या. शेजारच्या कातळवाडीचीही बंदूक होती, पण तिचा आवाज डाव्या हाताला ठेवावा लागे. यात गफलत झाली की होडी सरळ खडकावर. पण गफलत कधी व्हायची नाही. आईची हाक आणि मावशीची हाक ओळखायला कुणाला शिकवावं लागतं का?

एका वर्षी होड्या दूरच्या पाण्यात गेलेल्या असताना सणाचा बार काढला आणि बंदुकीची नळी फुटली. आवडाईला खरचटलंसुद्धा नाही. पण तिचा एकुलता एक मुलगा भिवा त्या होड्यांवर होता. नवी नळी बसवली तर आवाज बदलणार, आणि समुद्रावरच्या माणसांना ते सांगणार कोण?

गावाने बंदुका करणाऱ्या कारागिरांना निरोप धाडले. एकाने चांदीच्या वेलबुट्टीची नळी आणली. गाव तिच्यावर असं भाळलं, जणू बंदुकीचं लग्नच ठरवायचं होतं. दुसरा म्हणाला, माझी नळी तुमच्या नातवंडांना पुरेल. आवडाई सगळ्यांना एकच विचारी, "आवाज कसो येतलो, ता सांगा." पहिला म्हणाला, जुन्याच्या दुप्पट. दुसऱ्याने हसून सांगितलं की आवाज दारूचा असतो, नळीचा कसला? तिने दोघांना पोटभर जेवू घालून परत पाठवलं. गाव तिच्यावर जाम चिडलं.

शेवटी घाटाच्या पायथ्याहून पुतळाजी जिनगर आला, खोगिरांबरोबर बंदुकाही दुरुस्त करणारा. अंगाने रोड, कान तेवढे मोठे. दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. तोच प्रश्न ऐकून तो म्हणाला, "माका काय ठावक? जुनो आवाज मी खय आयकलंय?"

आवडाईने तिथल्या तिथे बंदूक त्याच्या हातात दिली.

पुतळाजीने फुटकी नळी भट्टीत घातली. तिच्या लोखंडाच्या पट्ट्या केल्या आणि नव्या पट्ट्यांबरोबर सळईभोवती गुंडाळून ठोकल्या. असं म्हणतात, की प्रत्येक घावाबरोबर त्या लोखंडातून जुना एकेक बार हळूच सुटत होता, आणि गावातली तान्ही मुलं झोपेत हसत होती.

नळी बसली. टेकडीवर बार निघाला. सगळं गाव म्हणालं, हाच तो. बायका रडल्या, आवडाईही रडली.  पुतळाजीने मात्र विचारलं, की होड्यांवरची माणसं हा आवाज टेकडीवर उभं राहून ऐकतात का? सगळ्यांचे चेहरे उतरले. पाण्यावरून तो कसा ऐकू येतो हे ज्यांना माहीत, ते सगळे पाण्यावरच होते.

एकटा धाकू तांडेल मागे राहिला होता. जन्मभर होड्या हाकारलेला, आता डोळे गेलेला आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा. धुकं पडू लागलं तेव्हा त्याला चटईसकट होडीत ठेवलं. पुतळाजीने आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता, तरी तो उशाशी बसला. वाड्यातल्या पोरांनी वल्ही मारत होडी खाडीबाहेर नेल्यावर टेकडीवरून बार आला.

"हो आमचो न्हय," धाकू म्हणाला.

पुतळाजी परत आला, नळीचं तोंड कानशीने घासलं आणि पुन्हा पाण्यावर गेला. पुन्हा धाकूने नाही म्हटलं. हे किती दिवस चाललं यावर गावात एकमत नाही. धुकं दाट होत गेलं, होड्या यायची वेळ झाली, आणि आवडाई टेकडीवरून खाली उतरेनाशी झाली. तिची भाकरी कुणी कुणी वर नेऊन देत असे, ती तशीच राही.

मग एका सकाळी बार झाला. असं म्हणतात, की धाकूच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याचा हात चाचपडत सुकाणूवर गेला, आणि त्याने होडी घराकडे वळवली.

"बाये, आता थांबू नको," पुतळाजीने खालून हाक दिली.

आवडाई थांबली नाही. असं म्हणतात, की त्या दिवशी आवाजाने धुक्यात पांढरी वाट पडली आणि होड्यांच्या पुढे पुढे मासेही त्या वाटेने आले. सगळ्यांत मागच्या होडीवर भिवा होता. नळी बदललीय हे त्याला कळलंसुद्धा नाही. जेवायला काय केलंय, एवढंच त्याने विचारलं. आवडाईने त्याला कवटाळलं ते कितीतरी वेळ सोडलं नाही.

पुतळाजी घाटाच्या पायथ्याला परतला नाही म्हणतात. माघात त्याची होडी धुक्यात कुठेतरी उभी असते आणि तो कान देऊन बसलेला असतो.

आता होड्यांवर यंत्रं आली आहेत. तरी आडखोलला कुणी पहिल्यांदा दूरच्या पाण्यात निघणार असला, की त्याला आधी खाडीबाहेर नेतात आणि डोळे बांधतात. दोन्ही गावांचे बार निघतात. त्याने हात करून आपलं घर दाखवायचं. याला पुतळाजीचा कान लावणं म्हणतात. ज्याचा हात चुकतो तो त्या वर्षी किनाऱ्यावर राहतो, जाळी विणतो, मित्रांची चेष्टा सोसतो. त्याची आई मात्र त्या दिवशी घरात गोडाधोडाचं करते.