हौसा चितारीण आणि न हलणारा मांत्रिक

एका राज्यात, जिथे पोपट न्यायनिवाडा करत आणि वडाची झाडं वाटसरूंना रस्ता सांगत, तिथे हौसा नावाची एक चितारीण होती. महालात बसून चित्रं काढणं तिला मानवेना. गावोगाव भटकावं, भर चौकात फतकल मारावी आणि समोर दिसेल ते कोळशाने कागदावर उतरवावं, हा तिचा नाद. मेथी निवडणारी बाई, उधळलेला बैल, जांभई देणारा शिपाई, सगळे तिला सारखेच प्यारे.

एकदा ती फिरून राजधानीला परतली, तर काय! भर दुपारी फुलबाजार चिडीचूप. माणसं जागच्या जागी थिजलेली. तिची धाकटी बहीण गोदी तिथे गजरे विकायची. तीही हातात अर्धा गजरा घेऊन उभी, डोळे उघडे, पण पापणी लवत नव्हती. हौसाने हाका मारल्या, तिला हलवून पाहिलं, पण व्यर्थ.

खांबावरच्या साळुंकीने खरं ते सांगितलं. "महाराजांनी नगरीचं चित्र काढायला स्तंभकेतू मांत्रिकाला बोलावलं. तो 'हलू नका' म्हणतो आणि माणसाचा पुतळा होतो. आज फुलबाजार, उद्या घाट."

"यावर उतारा?"

"एकच. कुणी त्याचंच चित्र काढायला बसावं, आणि ते पुरं व्हायच्या आत त्याने हलावं. पण बाई गं, तो हलतो कसला! त्याच्या नाकावर बसलेली माशी म्हातारी झाली, तरी त्याने हात उचलला नाही."

हौसा तडक दरबारात गेली. महाराज खाली मान घालून बसले होते. मांत्रिकाला बोलावून ते पस्तावले होते, पण त्याला घालवायचं कसं?

"महाराज," हौसा म्हणाली, "कुणालाही न थांबवता मी नगरी चितारते."

महाराजांशेजारी बसलेला स्तंभकेतू जागचा न हलता खदाखदा हसला. "तीन चित्रं काढ. चुकलीस, तर पुतळा होशील."

"मान्य. दोन तुम्ही सांगा, तिसरं मी सांगेन."

पहिलं सांगितलं घाटावरचं. परटाने उगारलेलं धोतर दगडावर आपटायच्या आत चित्र व्हायला हवं. हौसाने चार फटकारे मारले. धोतर आपटलं तेव्हा ती कागद झटकत होती.

दुसरं, दोन कोळणींचं भांडण, ते मिटायच्या आत. हे तर अगदीच सोपं! भांडण असं रंगलं की हौसाने टोपलीतली मासळीसुद्धा निवांत चितारून घेतली.

"आता तिसरं," ती महाराजांसमोर म्हणाली, "तुमचं, स्तंभकेतू."

मांत्रिकाचा चेहरा उतरला. पण चारचौघांत नाही कसं म्हणणार? चौकात चौरंग मांडून बसला, ताठ, श्वासही बेताचा. हौसाने कोळसा उचलला. भोवती ही गर्दी जमली! भांडण विसरून त्या दोघी कोळणी तिच्या खांद्यावरून डोकावू लागल्या.

"अगं बया, डोळे हुबेहूब!"

"पण नाक बघ की! पार ओठावर आलंय."

"त्याचं आहेच तसं."

"इतकं? छे! भोपळा बरा."

मांत्रिकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी तो बसून राहिला. लोक कागद बघत, मग त्याच्याकडे बघत आणि खुदकन हसत. हौसा मुकाट्याने रेघा ओढत होती.

अखेर राहवेना. स्तंभकेतूने मान लांब केली. "बघू, बघू, काय काढलंस?"

झालं! जादू खाडकन तुटली. इतक्या वर्षांची अवघडलेली पाठ आणि मान एकदम ठणकू लागली, आणि मांत्रिक "आई गं" करत वेशीबाहेर गेला, तो कायमचाच. फुलबाजारात एकच गलका उठला. महाराजांनी तिथल्या तिथे दवंडी पिटवली, की या राज्यात चित्रासाठी कुणी कुणाला थांबवायचं नाही.

हौसा धावत सुटली. गोदी गिऱ्हाइकाशी तावातावाने बोलत होती. "ताई! कधी आलीस? आणि रडतेस कशाला?"

हौसा रडतही होती आणि हसतही होती. पायरीवर बसून तिने नवा कागद घेतला. गोदी कधी वाकली, कधी वळली, फुलं शिंपायला उठली, कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. तिचं एकही चित्र धड पुरं होईना. हौसाने हसून पुढचा कागद घेतला आणि म्हणाली, "पळ, गोदी, खुशाल पळ!"