हाऊसफुल्लची पाटी

नांदवडे नावाच्या बाजारगावात विश्वंभर कासार म्हणून तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी होता. दुकान छान चाललेलं, बाजारात शब्दाला मान. पण या माणसाला दोन खोडी होत्या. एक म्हणजे लोकांना हसवायची भारी हौस. नुसता तांब्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही दोन गमती ऐकल्याशिवाय सुटायचं नाही. दुसरी खोड मात्र वाईट. कुठलीही गोष्ट आहे त्यापेक्षा मोठी करून सांगायची. दहा घागरी खपल्या की हे पन्नास सांगणार. बायको वत्सला म्हणायची, "अहो, दहा काय कमी आहेत का?" यावर शेठ मिशीतल्या मिशीत हसायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साठ सांगायचे.

तर या विश्वंभरशेठनी एका वर्षी चक्क सिनेमा काढला! विनोदी सिनेमा, नाव 'बिनबुडाची घागर'. एक कफल्लक माणूस बूड नसलेली घागर फडक्यानं झाकून डोक्यावर मिरवतो, आणि ती मोहरांनी भरलेली आहे असं समजून सगळं गाव त्याच्या पाया पडतं, अशी ती गोष्ट. शेठना स्वतःलाच सुचलेली. खर्च दोन लाखांच्या आत बसवायचा असं ठरलं होतं. पण शेठची जीभ कुठली गप्प बसते! चित्रीकरण सुरू झालं तशी त्यांनी बाजारभर दवंडीच पिटली, "सात लाख घालतोय, सात!" ही बढाई नटांच्या कानावर गेली. मग काय, जो तो मेहनताना वाढवून मागू लागला. सात लाखवाल्यानं नाही तरी कसं म्हणायचं? आकडा फुगत फुगत साडेतीन लाखांवर गेला, आणि शेवटी शेठना दुकान पतपेढीकडे तारण ठेवावं लागलं. ही गोष्ट घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

नांदवड्यात टॉकीज एकच. तिथले मॅनेजर हैबतराव मोजकं बोलणारे. त्यांनी शेठना स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी लावतो. रविवारचा एक तरी खेळ निम्मा भरला तर दुसरा आठवडा तुमचा. नाहीतर सोमवारी सकाळी सिनेमाचे डबे उचलायचे."

वितरकाचीही नजर याच टॉकीजवर होती. इथं दुसरा आठवडा मिळाला तर तो सिनेमा जिल्हाभर फिरवणार होता. मग दुकान सुटलं असतं. नाही मिळाला तर दुकान गेलं. इतकं सरळ होतं ते.

शुक्रवार उजाडला. शेठनी नवा सदरा घातला, देवाला नारळ ठेवला आणि टॉकीजच्या दारात जाऊन उभे राहिले. लोक आले, पण किती? पुढच्या चार रांगा आणि मागं इकडेतिकडे विखुरलेली डोकी. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. गंमत म्हणजे आले होते ते लोक पोट धरधरून हसत होते. बाजाराला आलेली कुरणवाडीची काही माणसं तर खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर बसून सिनेमातली वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवत होती. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आता घरी जाऊन सांगितल्याबिगर भाकर गोड लागायची न्हाई!" शेठच्या ते कानावर पडलं, पण मनात काही शिरलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त त्या रिकाम्या खुर्च्या होत्या.

शनिवारी सकाळी शेठ जेवायला बसले, पण लक्ष सगळं टॉकीजकडे. वत्सला म्हणाली, "अहो, लोक हसताहेत ना? मग झालं तर. हसलेला माणूस गप्प बसत नाही. तो चार जणांना सांगतो. दोन दिवस धीर धरा."

"धीर?" शेठ कडाडले. "उद्या रविवार आहे! दुकान जायची वेळ आलीय आणि तू मला धीर धरायला सांगतेस?"

ताट तसंच सरकवून ते तडक टॉकीजवर गेले. तिकीट-खिडकीच्या मागं भिंतीला एक पत्र्याची पाटी टेकवून ठेवलेली असायची. तिच्यावर लाल अक्षरात 'हाऊसफुल्ल' असं लिहिलेलं. सगळी तिकिटं संपली की ती बाहेर टांगायची आणि खिडकी बंद करायची, अशी टॉकीजची रीत. शेठनी त्या पाटीकडे बोट केलं.

"हैबतराव, उद्या दुपारच्या खेळाला ही पाटी टांगा. खेळ सुरू व्हायच्या आधीच."

हैबतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, गर्दी झाली की ही पाटी लावतात. गर्दी व्हावी म्हणून नाही."

"तुम्हाला कळत नाही. तिकीट मिळत नाही म्हटलं की माणूस ते मिळवायला धडपडतो. दुपारी पाटी बघून गावात बोलबाला होईल, आणि संध्याकाळच्या खेळाला नुसती झुंबड उडेल. आणि दुपारीसुद्धा पाटीखाली जरा घोळका जमला की खिडकी उघडायची. सांगायचं, थोडी तिकिटं निघाली. बघा कशा उड्या पडतात!"

हैबतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "सिनेमा तुमचा, नुकसान तुमचं. पण ऐका. पाटी टांगायची तुम्ही सांगितली, तर खिडकी कधी उघडायची तेही तुम्हीच सांगायचं. मी त्यात पडणार नाही."

"कबूल!" शेठ म्हणाले. कालपासून पहिल्यांदाच त्यांना जरा हुशारी वाटली.

रविवारी दुपारी पाटी टांगली. सकाळपासून तिकिटं घेतलेले थोडे लोक तेवढे आत बसले होते. शेठ बाहेर थांबू शकत नव्हते, कारण ओळखीचं कुणी भेटलं आणि एखादं तिकीट मागितलं तर काय सांगणार? म्हणून ते आत, अगदी शेवटच्या रांगेत, दाराशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. खेळ सुरू झाला. पडद्यावर तो घागरवाला ऐटीत चालत होता आणि थोडीथोडकी माणसं खदाखदा हसत होती. शेठचं मात्र पडद्याकडे लक्षच नव्हतं. कान सगळे दाराकडे. बाहेर पाय वाजले की मान तिकडे वळायची. लांबून, बहुतेक पुलाच्या बाजूनं, ट्रॅक्टरचा आवाज आला आणि थांबला. ऊसवाले असतील, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात दार किलकिलं झालं. खिडकीवरचा अंतू आत डोकावला.

"शेठ, बाहेर माणसं आलीत. तिकीट हाय का विचारतायत. देऊ?"

शेठ खुर्चीवरून अर्धे उठले. "किती जण आहेत?"

"असतील आठ-दहा."

आठ-दहा! शेठ पुन्हा खाली बसले. एवढ्याशानं काय होणार? आठ-दहा माणसं आत येऊन बसली की पाटीखाली पुन्हा शुकशुकाट. तीच माणसं बाहेर ताटकळत राहिली तर येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेल, बघा, तिकिटासाठी माणसं उभी आहेत. त्यांचं मन एकदा म्हणत होतं, दे, आलेल्याला आत घे. लगेच दुसरं मन म्हणत होतं, थांब, अजून थोडी गर्दी जमू दे. अंतू दार धरून उभाच होता.

"सांगा की, शेठ. निघाली तर?"

"निघत नाहीत. भरलंय म्हणून सांग. जरा ताटकळू दे त्यांना. गर्दी दिसली की गर्दी वाढते."

अंतूनं खांदे उडवले आणि दार लावून घेतलं. शेठ बसून राहिले. एक-एक क्षण सरता सरेना. सिनेमातलं एक अख्खं गाणं झालं, त्यानंतरचं भांडणही झालं. शेवटी त्यांना राहवेना. ते उठून बाहेर आले आणि ओरडले, "अंतू, उघड खिडकी! दे त्यांना तिकिटं!"

अंतूनं खिडकी उघडली. बाहेर कुणीच नव्हतं. रस्त्यावर एक कुत्रं तेवढं सावलीला पडलं होतं. आणि पुलाच्या बाजूनं ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, लांब लांब गेला आणि विरून गेला.

"गेली वाटतं," अंतू म्हणाला.

"जाईनात का! आठ-दहाच तर होती," शेठ म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

संध्याकाळी त्यांनी पाटी काढायला लावली आणि स्वतः दारात उभे राहिले. झुंबड काही उडाली नाही. दुपारी पाटी पाहिलेले लोक मनाशी म्हणाले, आज काही तिकीट मिळायचं नाही, आणि आपापल्या घरी बसले. संध्याकाळचा खेळ शुक्रवारपेक्षाही रिकामा गेला. हैबतरावांनी गल्ल्याचा आकडा शेठपुढं ठेवला. निम्मं थिएटर दुपारीही भरलं नव्हतं आणि संध्याकाळीही. सोमवारी सकाळी सिनेमाचे डबे हातगाडीवर चढले. वितरकानं निरोपसुद्धा पाठवला नाही.

दुकान गेलं. वत्सलेनं एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच शेठना जास्त झोंबलं. लोकांना मात्र ते सांगत फिरायचे, "आपल्याकडच्या लोकांना विनोदच कळत नाही हो! त्यांना नुसतं रडायला पाहिजे!" असं सांगितलं की घटकाभर बरं वाटायचं.

पुढं पोटासाठी शेठ दुसऱ्याची भांडी सायकलवर लादून गावोगावच्या आठवडी बाजारात विकू लागले. असेच एकदा ते कुरणवाडीच्या बाजारात बसले होते. एक म्हातारी घागर वाजवून बघत होती. बघता बघता तिनं शेठकडे निरखून पाहिलं.

"आवं, तुमी त्ये घागरीच्या सिनेमावाले न्हवं?"

"हो, मीच तो," शेठ म्हणाले.

"अगं बया! मी ठकूबाई. शुक्रवारी बगितला होता मी तुमचा सिनेमा. काय हसलो ओ आमी! गावात येऊन आसा सांगितला, आसा सांगितला, की समदं गाव म्हनलं, आमाला बी दाव. रविवारी तीन ट्राल्या भरून आलो की आमी!"

शेठचा हात घागरीवरच थबकला. "तीन ट्रॉल्या?"

"तर! ल्हान पोरं, म्हातारी माणसं, समदी. ट्रॅक्टर बाजारात घेऊ देत न्हाईत, म्हनून पुलापाशी थांबलो. आठ-धा गडी म्होरं धाडले तिकिटं काढाया. त्ये बराच वेळ हुबं ऱ्हायले आन् परत आले. म्हनले, पाटी लागलीय, मुंगी शिरायला जागा न्हाई. मग काय, गेलो माघारी." ठकूबाई कौतुकानं हसली. "लई चालला आसंल न्हवं तुमचा सिनेमा? किती कमावलं वो?"

शेठनी तोंड उघडलं. सवयीनं जिभेवर मोठा आकडा आलाही. पण कानात पुलाकडचा तो ट्रॅक्टरचा आवाज घुमत होता. तीन ट्रॉल्यांनी ते थिएटर निम्म्याच्या वर भरलं असतं. दुकान राहिलं असतं. आणि 'ताटकळू दे त्यांना' हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. शेठचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी आहे तेवढंच सांगितलं.

"काही नाही कमावलं, ठकूबाई. पाटी खोटी होती. आत खुर्च्या रिकाम्या होत्या."

ठकूबाईचं हसू मावळलं. हातातली घागर तिनं हळूच खाली ठेवली.

"जागा व्हती?" ती म्हणाली. "मग आमाला भाईर का हुबं केलंत?"



तात्पर्य: नसलेल्या यशाचा देखावा करणारा माणूस दाराशी आलेल्या खऱ्या यशालाही परत पाठवतो. म्हणून आहे तेवढंच सांगावं, आणि जे आलेत त्यांना आधी आत घ्यावं.