लेगला उभा राहिलेला शिंपी

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. वरच्या काठावरचं ते वरचं गाव आणि खालच्या काठावरचं ते खालचं गाव. याहून बरी नावं शोधायला दोन्ही गावांना सवड नव्हती, कारण सगळी सवड एकमेकांना नावं ठेवण्यात जायची.

चैत्रात देवीची यात्रा भरायची. मानाचा पहिला नारळ कोणत्या गावानं फोडायचा, यावरून पूर्वी नारळाआधी डोकी फुटायची. मग क्रिकेट आलं, आणि दोन्हीकडच्या शहाण्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की त्यापेक्षा नदीच्या कोरड्या पात्रात मॅच खेळा, जो जिंकेल त्यानं नारळ फोडावा. मुख्य अंपायर म्हणून धरणाकडच्या तिसऱ्या गावातले गुरुजी यायचे. त्यांचं ना इथं कोणी सोयरं, ना कोणी वैरी, त्यामुळे त्यांच्यावरून भांडण नव्हतं.

भांडण होतं लेग अंपायरवरून. लेग अंपायर म्हणजे बॅट्समनच्या बाजूला, लांब, एकटा उभा असतो तो. बघणाऱ्याला वाटतं, याला काही काम नाही, उगाच पांढरा कोट घालून उभा केलाय. पण धावणाऱ्याची बॅट रेषेच्या आत टेकली की नाही, आधी बॅट टेकली की आधी स्टंप उडाले, हे समोरून कधीच नीट कळत नाही. ते बाजूनंच दिसतं. दिवसभर नुसतं उभं राहायचं आणि एका क्षणाला डोळे उघडे ठेवून जे दिसलं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. म्हटलं तर काहीच नाही, म्हटलं तर सगळंच.

म्हाताऱ्यांनी यावरही तोड काढली. लेगला उभा राहील तो असा हवा की ज्याचं घर वरच्या गावात आणि लेक खालच्या गावात दिलेली. वरच्यांना लबाडीनं झुकतं माप दिलं तर लेकीला त्रास, खालच्यांना दिलं तर स्वतःला. ज्याला दोन्हीकडून मार बसू शकतो तो खोटं बोलणार नाही, असं त्यांचं गणित. गणित चुकलं होतं. असा माणूस खोटं बोलायला घाबरतो हे खरं, पण तो खरं बोलायलाही तेवढाच घाबरतो. एवढं साधं त्या पिकल्या डोक्यांत शिरलं नाही.

वरच्या गावात एक शिंपी होता. बायको केव्हाच वारलेली, एकच लेक, ती खालच्या गावात दिलेली. तिला मांडीवरचं एक पोर. शिंप्याचं मशीन पाटलाच्या ओसरीवर होतं, आणि पाटलानं त्याबद्दल कधी काही मागितलं नव्हतं. न मागणारा माणूस किती मागू शकतो, हे ज्याला अशी ओसरी मिळाली आहे त्यालाच ठाऊक. तर नियमात बसणारा म्हणून शिंपी लेगला उभा राहू लागला. कोट त्यानं स्वतःच शिवला, इस्त्री करून पेटीत ठेवला. काही वर्षं बरी गेली. अडचणीचा प्रसंगच आला नाही, आणि लोक म्हणू लागले, काय प्रामाणिक माणूस आहे. परीक्षा झाली नाही तोवर सगळेच पहिल्या नंबरात असतात.

मग ती मॅच आली. वरचं गाव बॅटिंगला. शेवटची जोडी उरलेली आणि जिंकायला चार रन हव्यात. पाटलाच्या पोरानं चेंडू लांब मारला, एक रन पळून झाली, आणि अंगात मस्ती म्हणून दुसरीलाही निघाला. चेंडू गेला होता शिंप्याच्या जावयाकडे. जावई डोक्यानं तापट, पण नेम असा की झाडावरची नेमकी एकच चिंच पाडावी. त्यानं तिथूनच फेकला आणि तिन्ही स्टंप आडवे.

सगळा गलका थांबला. गुरुजींनी मान वळवून लेगकडे पाहिलं.

शिंप्याला दिसलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं होतं. पोराची बॅट रेषेच्या आत होती, पण टेकलेली नव्हती. बॅटच्या खालून पलीकडची वाळू दिसत होती. आउट होता तो. बोट वर करायचं एवढंच काम होतं.

पण त्याच वेळी त्याला बाकीचंही दिसलं. मांडवात खुर्चीवर बसलेले पाटील पान चघळायचे थांबले होते. ओसरीवरचं मशीन दिसलं. पलीकडे बायकांच्या घोळक्यात पोराला कडेवर घेऊन उभी असलेली लेक दिसली, ती त्याच्याकडेच बघत होती. आउट म्हणावं तर मशीन रस्त्यावर. नॉटआउट म्हणावं तर जावयाच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"शिंपीदादा, काय ते सांगा," गुरुजी म्हणाले.

शिंप्याला वाटलं की आपल्याला मधली वाट सापडली.

"दिसलं नाही, गुरुजी. ऊन डोळ्यावर आलं."

गुरुजींनी खाली वाळूकडे पाहिलं. शिंप्याची लांबलचक सावली त्याच्या पुढ्यात पडली होती, पार पिचच्या कडेपर्यंत. म्हणजे सूर्य पाठीमागे होता. गुरुजींना ते कळलं, पण कोणाच्या डोळ्यात शिरून बघता येत नाही. शंका असेल तर फायदा बॅट्समनला. त्यांनी नॉटआउट दिला. पुढच्याच चेंडूला पाटलाच्या पोरानं चौकार मारला आणि नारळ वरच्या गावानं फोडला.

शिंपी घरी येताना मनात म्हणत होता, मी कुठं खोटा निकाल दिला? मी तर निकालच दिला नाही. असं म्हणून माणसाला झोप लागते, आणि त्यालाही लागली.

पण खोटं एकदा तोंडातून सुटलं की ते दुसऱ्यांच्या मालकीचं होतं. पाटलाच्या घरी लग्न निघालं, तर कपडे तालुक्याच्या शिंप्याकडे गेले. पाटील ओसरीवर उभे राहून गोड आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस शिंप्या. तूच म्हणालास डोळ्यांना दिसत नाही. सदऱ्याचा गळा वाकडा निघाला तर आमचीच शोभा." शिंप्याला म्हणता येईना की दिसतं, चांगलं दिसतं. हळूहळू गावही तेच म्हणू लागलं, आणि मशीनवर धूळ बसू लागली. ज्या मशीनसाठी केलं त्या मशीनची ही गत.

पलीकडे त्याहून वाईट चाललं होतं. खालच्या गावात जावई दिसला की पोरं विचारायची, "काय हो, तुमच्या सासऱ्याला दिसलं का?" आयुष्यात एकदा असा चेंडू फेकला होता त्या माणसानं, आणि तो मातीत गेला. त्याचा राग सासऱ्यापर्यंत पोचायला नदी ओलांडावी लागली असती. बायको घरातच होती.

एका दुपारी शिंपी नातवासाठी झबलं शिवून घेऊन खालच्या गावात गेला. गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि त्याला दिसलं. जावयानं लेकीला दंडाला धरून ओट्यावरून खाली ढकललं. ती दगडी पायरीवर पडली, हात अंगाखाली आला. समोर लिंबाखाली तिघं शेजारी गप्पा मारत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

हात मोडला होता. जावयाच्या ओट्यासमोरच पंच बसले. दोन्ही गावांचा मामला म्हणून गुरुजींनाच बोलावलं. प्रश्न एकच होता. नवऱ्यानं ढकललं असेल तर लेकीनं पोर घेऊन माहेरी जावं, तिला कोणी अडवायचं नाही. पाय घसरून पडली असेल तर तिला जायचं तर जावं, पोर सासरीच राहील. लेक म्हणत होती, ढकललं; जावई आणि त्याचा चुलता म्हणत होते, पाय घसरला.

"कोणी पाहिलं?" गुरुजींनी विचारलं.

लिंबाखालचा पहिला शेजारी म्हणाला, "दिसलं नाही गुरुजी. ऊन डोळ्यावर होतं."

दुसरा म्हणाला, "माझंही तसंच."

तिसऱ्यानं नुसती मान डोलावली. लिंबाच्या गर्द सावलीत बसलेली माणसं ऊन डोळ्यावर आलं म्हणून सांगत होती, आणि शिंपी ते ऐकत होता. शब्द त्याचेच होते.

तरी तो उठला. "गुरुजी, मी पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. यांनी ढकललं तिला."

जावयाचा चुलता सावकाश हसला. "बसा व्याही. तुम्हाला कुठं दिसतं? सबंध यात्रेसमोर तुम्हीच सांगितलंत. मोकळ्या मैदानात, उभ्या स्टंपांसमोर दिसलं नाही, आणि गल्लीच्या टोकावरून दिसलं?"

"त्या दिवशी मी खोटं बोललो," शिंपी म्हणाला.

त्याला वाटलं होतं, हे बोललं की डोंगर उतरेल. पण वरच्या गावाचे पाटीलही तिथं पंच म्हणून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, लेकीसाठी बाप काय वाटेल ते बोलतो. नारळ फोडून झालाय. आता तो नारळ खोटा होता म्हणायचं का?" दोन्ही गावांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं.

"शिंपीदादा," गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी मला तुमची सावली दिसत होती. तरी मी तुमचाच शब्द मानला, कारण तिथं तुम्हाला बघण्यासाठी उभं केलं होतं. आज तुमचा कोणता शब्द मानू, ते मला सांगता येत नाही." आणि साक्षीदार नाही म्हणून निकाल झाला, पाय घसरला.

लोक उठून गेले. लेक मोडका हात गळ्यात बांधून ओट्याशी उभी होती. आतून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता.

"चल बाई घरी," शिंपी म्हणाला.

"पोराला टाकून?"

शिंप्यानं आतल्या रडण्याकडे मान वळवली.

"आबा, त्या दिवशी ऊन तुमच्या पाठीला होतं," ती म्हणाली. "मी समोरच उभी होते. तुम्ही आउट म्हणाला असतात तर पाटलांनी मशीन बाहेर काढलं असतं. आपण दुसऱ्या गावी गेलो असतो, कुठंही शिवलं असतं. नॉटआउट म्हणाला असतात तर मी म्हटलं असतं, बापानं गावाची बाजू घेतली, चुकला. पण तुम्ही बघितलंच नाही म्हणालात. आता माझं कोणीच काही बघत नाही."

त्या दुपारी द्यायचं राहिलेलं झबलं शिंप्यानं सोबत आणलं होतं. त्यानं ते पुढे केलं. लेकीनं धडधाकट हातानं घेतलं, पायरी चढून आत गेली आणि दार ओढून घेतलं. त्या पायरीवर त्याची सावली पडली होती, ती बघत तो ऊन उतरेपर्यंत उभा राहिला. यात्रेत मात्र त्यानंतर लेगला कोणी उभं राहिलं नाही, कारण दोन्ही गावांचं त्यावाचून सोयीचं चाललं.

तात्पर्य: ज्याला बघायला उभं केलं आहे त्यानं 'दिसलं नाही' म्हणू नये; गाव ते वाक्य पाठ करतं, आणि आपल्यावर वेळ आली की आपल्यालाच म्हणून दाखवतं.