गुणाजीनं जुळवलेलं मशीन

शिरसगावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. जेवढं सांगितलं तेवढं करी, आणि जसं सांगितलं अगदी तसंच करी. म्हणूनच त्याला काम सांगायला गावात कुणी धजत नसे. त्याची थोरली बहीण मंदाअक्का मात्र सांगे. तिला दुसरा इलाज नव्हता.

अक्का कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती नोकरी सोडून तिनं कॉलेजसमोर गेम खेळायचं पार्लर काढायचं ठरवलं. पाटी रंगवून झाली. दसऱ्याचा मुहूर्त गावभर सांगून झाला. मशीन एकच, पण असं भारी की सांगलीची पोरं इथं खेळायला यावीत. एकेक भाग निवडून ती ते स्वतः बांधणार होती. तेवढ्यात ती जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. आता सांगलीला जाणार कोण? गुणाजी.

"प्रोसेसर आण आणि मदरबोर्ड आण," अक्का म्हणाली. "एक मशीनचा मेंदू, दुसरी त्याची बैठक. पैशाचं मी फोनवरून बघते. फक्त दोघांचं जुळतं का, ते आधी बघून घे."

गुणाजी दुकानात गेला. माल कुठं आणि कधी बनला ते दोन्ही खोक्यांवर बघून त्यानं पाठ केलं आणि थेट देवळाजवळच्या गुरुजींचं घर गाठलं. गुरुजींनी पंचांग उघडलं.

"मुलगा कुठला?"

"मलेशियाचा."

"आणि मुलगी?"

"चीनची."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. पण दक्षिणा समोर ठेवलेली होती. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "एकनाड आहे. टाळलेलं बरं."

गुणाजी रिकाम्या हातानं परत आला. "अक्का, स्थळ चांगलं होतं. पण नाडी एक निघाली."

अक्का मग म्हणाली, "अरे, पत्रिका कसली बघतोस? वस्तू घालून बघायची. बसली की जुळली. समजलं?"

"समजलं."

"मग उद्या ग्राफिक कार्ड आण. चित्र उमटतं ना पडद्यावर, ते त्याच्यामुळं."

दुसऱ्या दिवशी गुणाजीनं दुकानातलं एकेक कार्ड हातातल्या कापडी पिशवीत घालून बघितलं. मोठी कार्डं बाहेर डोकावत होती. शेवटी दुकानदारानं वैतागून बँकेतल्या कॉम्प्युटरात असतं तसलं एक चिमुकलं कार्ड काढलं. ते असं बसलं की वर दोन डझन केळीही बसली.

"पिशवीत बसून काय करायचंय?" अक्का म्हणाली. "याच्यावर गेम काय, गेमचं नावसुद्धा उमटायचं नाही. असलं लहान काही आणू नको. मोठं बघ. तीन पंखे असलेलं बघ. समजलं?"

"समजलं."

एवढं सांगून अक्काला वाटलं, आता काही चुकायचं नाही. तिनं त्याला प्रोसेसर गार ठेवायचा कूलर आणायला धाडलं.

दुकानदारानं मुठीएवढा कूलर पुढं केला. गुणाजी म्हणाला, "लहान आहे. मोठा दाखवा. तीन पंख्यांचा." दुकानदारानं आणखी दोन दाखवले, मग हात जोडले आणि समोरच्या दुकानाकडे बोट केलं. संध्याकाळी अक्काच्या दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोत मंगल कार्यालयात ठेवतात तो कूलर होता. त्याला तीन पंखे होते, पाण्याची टाकी होती आणि खाली चाकंही होती.

अक्का ओरडली नाही. दसरा तोंडावर आला होता आणि टेबलावर मशीनचं नुसतं रिकामं कॅबिनेट होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "गुणाजी, आता तू काही निवडायचंच नाही. फौजदार घोरपड्यांच्या घरी त्यांच्या मुलाचं मशीन आहे. त्यातलं सगळं एकमेकांशी नीट जुळलेलं आहे. ते उघड, नीट बघ. आत जे आहे तेच आण. दुसरं काही आणू नको."

गुणाजीला हायसं वाटलं. इतकं सोपं काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

फौजदारीणबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. "अक्कानं मशीन बघायला पाठवलंय," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "बघ की. विश्वजित कॉलेजला गेलाय." त्यांनी त्याला स्क्रूड्रायव्हर दिला, वर चहाही दिला. तासाभरानं तो पिशवी घेऊन बाहेर आला.

"घेतलं का सगळं बघून?" त्यांनी विचारलं.

"घेतलं सगळं," गुणाजी म्हणाला आणि त्यांच्या पाया पडून निघाला.

अक्कानं पिशवी उघडली आणि तिचे डोळे भरून आले. प्रोसेसर, बोर्ड, तीन पंख्यांचं कार्ड, मुठीएवढा कूलर, डिस्क, सगळं होतं. एकाचाही खोका नव्हता, पण खोक्यांची चौकशी करायच्या मनःस्थितीत ती नव्हती. तिनं बसल्या जागी मशीन बांधलं. प्रत्येक भाग आपापल्या खाचेत अलगद बसला. तिनं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली : 'या, विश्वजित घोरपडे.'

अक्का गुणाजीकडे वळली.

"गुणाजी, हे तू कुठल्या दुकानातनं आणलंस?"

"दुकानातनं कशाला? तू म्हणालीस तिथनंच आणलं."

बाहेर जीप थांबली. फौजदार उतरले. त्यांच्या मागून विश्वजित उतरला, त्याच्या मागून दोन हवालदार. अक्काला उठता येईना.

गुणाजी मात्र लगबगीनं पुढं झाला, त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बरं झालं साहेब, आपणच आलात. एक स्क्रू तुमच्या कपाटाखाली गेलाय, तेवढा आणायचा राहिला."